ढिगात हात घालून

माझ्या सुनेला घरबसल्या काम हवं होतं आणि मला ते काम असतं तरी कसं, ते बघायचं होतं. तिची गरज होती, माझी नुसती चौकशी. पण दोघी एकाच लॅपटॉपसमोर बसलो, म्हणून हे लिहिता येतंय.

मी चौथी शिकले. नंदुरबारजवळ रनाळ्यात राहते. आमच्या घरात बोलणं अहिराणीत चालतं. इथे मी शाळेत शिकले तसं लिहिते आहे. जिथे तसं लिहून बोलण्यातली चव जाते, तिथे बोलणं जसंच्या तसं ठेवलं आहे.

माझा मुलगा सुरतला साड्यांवर भरतकाम करणाऱ्या मशीनवर कामाला आहे. लग्न झाल्यावर सुनेला घेऊन गेला होता. तिने तिथे जेमतेम वर्ष काढलं. खोली पक्की होती, पण खिडकी नव्हती. दार उघडलं की बोळ, आणि बोळात समोरच्याचं दार. दिवसा दिवा लावून भाजी चिरायची. नात झाली ती तिथे सारखी खोकायची. इथे आणली, ओट्यावर लोळली आणि खोकला गेला. डॉक्टर काय म्हणाले ते मला ठाऊक नाही, मी पाहिलं ते सांगते. तेव्हापासून सून इथेच.

इथे ती नंदुरबारला एका खासगी शाळेत शिकवायला जायची. यंदा मुलं कमी झाली म्हणून शाळेने तिला घरी बसवलं. मग मुलाचा फोन आला. दोन ठिकाणचा खर्च त्याला झेपत नव्हता, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

"आखाजीपर्यंत बघ," तो तिला म्हणाला. "काम भेटनं त ऱ्हाय तठेच. नही त मी येस नि दोन्हीसले लई जास."

आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. दोघींना नेणार म्हणजे सुनेला आणि नातीला. मला कुणी नेणार नव्हतं, आणि मी जाणारही नव्हते. एकटं राहायची मला भीती वाटत नाही. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं म्हातारी सुनेला अडवून बसली. सुनेला जायचं नव्हतं, ते त्या खोलीपायी. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी भांडी घासत बसली. भांडी आधीच घासलेली होती.

दुसऱ्या दिवशी तिने भावाचा जुना लॅपटॉप मागवून घेतला. नात दुपारी झोपली की ती ओसरीवर बसायची. लॅपटॉप एका उलट्या टोपलीवर ठेवायचा आणि फोनचं नेट त्याला जोडायचं. मी शेजारी डाळ निवडत बसायचे. डाळ लवकर संपायची, मग मी नुसतीच बसायचे.

भिंतीपलीकडची शेजारीण एकदा मान वर काढून म्हणाली, "काय वो, तुन्ही सून दिनभर त्या डबडामा काय देखस?"

"काम धुंडस."

"डबडामा काम?"

"तू बी ये. तुले बी धुंडी देस."

"माले घरनं काम पुरं शे माय," असं म्हणून तिने मान खाली घेतली. पण भिंतीजवळून ती गेली नाही. मला तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

पहिलं काम सुनेला टायपिंगचं मिळालं. जुन्या कागदांचे फोटो यायचे, ते बघून लिहून द्यायचं. कामाला हो म्हणताना ती खूश होती. फोटो उघडले तेव्हा अक्षरं गढूळ पाण्यातून पाहिल्यासारखी दिसत होती. ती डोळे बारीक करून बसायची, मान दुखली की उठायची, परत बसायची. सगळं लिहून पाठवलं, तर चुका फार आहेत म्हणून त्यांनी उलट तिलाच झापलं आणि नंतर उत्तर द्यायचंच सोडलं.

मी विचारलं, "काम घेण्याआधी कागद पाहिले नव्हते का?"

"आधी दाखवत नाहीत, आत्या."

"का?"

"पद्धतच तशी असते."

ही पद्धत मला कळेना. मी उमेदीची सगळी वर्षं नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर काढली. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. लांबून बघाल तर जमिनीवर लाल लुगडं अंथरलंय असं वाटतं, जवळ जाल तर शिंकून बेजार व्हाल. आम्ही बायका मिरचीचे देठ खुडायचो. रोजंदारी नव्हती, जेवढी मिरची खुडली तेवढे पैसे. म्हणून कुठल्या ढिगाला बसायचं ते महत्त्वाचं. वरून सगळे ढीग सारखेच लाल. पण आत मिरची ओली असली तर देठ तुटत नाही, लोंबतो, आणि बोटांची आग होते ती घरी जाऊन तेल चोळलं तरी थांबत नाही. त्यामुळे आमच्यातली कुठलीही बाई बसण्याआधी पदर खोचायची आणि ढिगात कोपरापर्यंत हात घालायची. तळाची मूठभर मिरची वर काढून पाहायची, मग हो किंवा नाही म्हणायची. मुकादम ओरडायचा, "तुले मिरची इकत लेवानी शे का?" ओरडू दे. हात घातल्याशिवाय कुणी बसत नसे. नवी सून कामाला आणली तर सासू तिला देठ खुडायच्या आधी हे शिकवायची.

मी सुनेला हे सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, इथे ढीग दिसतच नाही. नुसता मुकादम दिसतो, आणि त्याचाही फोटो खोटा असू शकतो."

हे खरं होतं. पण मला त्या पलीकडच्या माणसाबद्दल फार कुतूहल वाटायला लागलं. तो कुठे बसतो? त्याच्याकडे आता दिवस आहे की रात्र? आपल्या गावातल्या माणसाला सोडून तो आमच्या ओसरीवरच्या बाईला काम का देईल? सून म्हणायची, "आत्या, मला शोधू द्या." मी तेवढ्यापुरती थांबायचे.

मग एक दिवस तिला घरबसल्या पाकिटांवर पत्ते टाकायचं काम सापडलं. पुष्कळ काम, कायमचं काम, असं त्यात लिहिलेलं होतं. फक्त नाव नोंदवायला आधी थोडे पैसे भरायचे. तिने फोन हातात घेतलासुद्धा.

मी म्हटलं, "हा कोण, मुकादम?"

"तसंच समजा."

"आणि काम देण्याआधी तोच पैसे मागतो?"

"नोंदणीचे, आत्या."

"आमच्या मुकादमाने पथारीवर बसायचे पैसे मागितले असते ना, तर बायकांनी त्याला मिरचीत लोळवला असता. उघडा करून."

ती हसली. शाळेतली नोकरी सुटल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. फोन खाली ठेवला आणि ते पान बंद केलं. पण हसणं फार टिकलं नाही. होळी होऊन गेली होती, आखाजीला फार दिवस उरले नव्हते.

मी म्हटलं, "तू त्यांना स्वतःबद्दल काय सांगतेस, ते वाचून दाखव."

तिथे प्रत्येकाने आपली माहिती लिहून ठेवायची असते. तिला ते प्रोफाइल म्हणतात. तिने इंग्रजीत लिहिलेलं मराठी करून वाचलं. मी मेहनती आहे. वेळेवर काम देते. मराठी, हिंदी, इंग्रजी येतं. कोणतंही काम करू शकते.

शेवटचं वाक्य ऐकून मला नंदुरबारचा नाका आठवला. सकाळी बायका तिथे उभ्या राहायच्या, गाड्या यायच्या. मुकादम विचारायचा, काय येतं? जुन्या बायका सांगायच्या, मी देठ खुडते, मी निवडते, माझा हात फटकीवर बसलाय. फटकी म्हणजे डागी, पांढरी पडलेली मिरची. नव्या बाया लाजून म्हणायच्या, "सांगशी ते करसू." आपल्याकडे हे नम्र बोलणं समजतात. त्या बायांना तो कडेच्या ढिगाला बसवायचा, जिथे नुसतं बी आणि भुकटी. संध्याकाळी त्यांचे डोळे मिरचीपेक्षा लाल. मीही पहिल्या वर्षी तेच बोलले होते आणि तिथेच बसले होते.

"हे शेवटचं काढ," मी म्हटलं.

"मग काय लिहू? माझ्याकडे काय वेगळं आहे?" ती जरा चिडूनच म्हणाली. "बीए तर घरोघरी आहे."

मी म्हटलं, "मग काही दिवस काम मागू नको. लोकांना काय काय हवंय ते नुसतं वाच. मला मोठ्याने वाचून दाखव."

"तुम्हाला काय करायचंय ते ऐकून?"

"ऐकायचंय. दुसरं काय करायचंय."

खरं सांगते, तिच्या भल्यासाठी म्हणून मी हे म्हटलं नव्हतं. मला ऐकायचंच होतं. आणि ते आठ-दहा दिवस मला इतके आवडले की एखादं कीर्तन तितकं आवडलं नसेल. एका माणसाला रस्त्याचे फोटो बघून त्यात कुत्री कुठे आहेत ते खुणा करून हवं होतं. एकाला बिस्किटाला नाव हवं होतं. एकाला लहान मुलाचं रडणं रेकॉर्ड करून हवं होतं, पण खरं रडणं, चिमटा काढून नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. एका दुकानदाराला त्याच्या रागावलेल्या गिऱ्हाइकांना माफीची उत्तरं लिहून देणारं माणूस हवं होतं.

"माफी मागायला सुद्धा माणूस ठेवायचा?" मी विचारलं.

"त्याला वेळ नसेल."

"चूक करायला वेळ होता."

आणि एकाला साठी उलटलेल्या बाईचं हसणं हवं होतं. सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आधी त्याला म्हणावं, कशावर हसायचं ते पाठव."

तर असं वाचता वाचता ती एखादी ओळ मनातच वाचायची आणि पुढे सरकायची, असं दोन-तीनदा झालं. मी म्हटलं, "ते कोणतं सोडलंस?"

"काही नाही. गुजरातीतून मराठी करून द्यायचं."

"मग?"

"ते आपलं नाही."

मला नवल वाटलं. माझ्या सुनेचं माहेर हद्दीपलीकडे, गुजरातेत. सातवीपर्यंत ती गुजराती शाळेत शिकली. मग आई वारली आणि मामाने तिला शहाद्याजवळ लोणखेड्याला आणलं, तिथे ती पुढचं सगळं शिकली, कॉलेजसुद्धा. माहेरच्या फोनवर ती अजून गुजरातीत बोलते. गुजराती पेपर भजी बांधून आला तरी तेलाचा डाग बाजूला करून वाचते.

"तुला येतं ना?" मी म्हटलं.

"आत्या, गुजराती काय येणं आहे का! नंदुरबारच्या बाजारात लसूणवालीला पण येतं."

आणि यात तिचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडे गुजराती बोलता येणं म्हणजे सायकल येणं. अर्ध्या गावाची माणसं सुरत-बारडोलीला उसाला, कारखान्यांत जाऊन आलेली. तिकडचं बोलणं कुणी शिकत नाही, अंगाला लागून येतं. मग ते कुणी आपला गुण म्हणून सांगेल कसं? मी पण ते कधी जमेत धरलं नव्हतं. नाक्यावर मला काय येतं विचारलं असतं तर मीही गुजराती सांगितलं नसतं.

"लसूणवालीला लिहिता येतं का?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

तिने मान हलवली, नाही. मग म्हणाली, "मामाकडे आले तेव्हा मराठी लिहिताना मी वरची रेघ द्यायला विसरायचे. गुजरातीत ती नसते. वर्गातल्या मुली मला चिडवायच्या. म्हणायच्या, तुन्हा अक्षरंसना डोकावर पदर नही. बाईंनी पण हसून घेतलं. मग मी गुजराती लिहिणंच सोडलं. मुद्दाम सोडलं."

मी विचारलं, "आता पदर येतो का?"

"आता येतो."

"मग दोन्ही येतं म्हण की."

तिने लगेच काही केलं नाही. उठून नातीला पाहून आली, पाणी प्यायली, परत बसली. मग त्या प्रोफाइलमधलं कोणतंही काम हे वाक्य पुसलं आणि तिथे लिहिलं की गुजरातीतून मराठी करून देते, दोन्ही भाषा शाळेत शिकले. बस एवढंच. वाचून दाखवलं तेव्हा मला फार आखूड वाटलं, पण तसंच राहू दिलं.

चौकशा यायला लागल्या. ढीगभर नाही, एखादी-दुसरी. पहिली डोक्याला लावायचं तेल विकणाऱ्या एकाची होती. इथे माझं चुकलं. मी हट्ट धरला की तोंड पाहिल्याशिवाय काम घ्यायचं नाही, त्याला फोनवर समोर यायला सांग. सून म्हणाली, असं करत नाहीत. मी म्हटलं, कर. तिने लिहिलं. त्यानंतर तो तेलवाला काही बोललाच नाही. त्या संध्याकाळी सुनेने चहा केला तो आधी नातीला बशीतून पाजला, मग शेजारणीला हाक मारून दिला, आणि मग उरलेला मला. मी प्यायले. चहा तसा बरा होता.

नंतर तिने माझं ऐकणं आणि न ऐकणं वेगळं करायला घेतलं. तोंड पाहायचा हट्ट सोडला, हात घालायची पद्धत ठेवली. काम विचारायला कुणी आलं की ती आधी लिहायची, मधलं कुठलंही एक पान पाठवा, पहिलं नको. पहिलं पान सगळ्यांचंच चांगलं असतं, ढिगाच्या वरच्या मिरचीसारखं. हे तिचं तिने काढलं, मी सांगितलं नव्हतं. काही जण पान न पाठवता निघून जायचे. तिला सुरुवातीला हुरहूर लागायची, मग ती सवयीची झाली.

एकाने पाठवलं. सुरतेकडे भरतकामाची मशीनं विकणारा कुणी होता. मशीनसोबत गुजराती पुस्तक द्यायचा. पण मशीनवर बसणारी निम्मी पोरं आमच्या खानदेशची, त्यांना गुजराती बोलता येतं, वाचता येत नाही. एकाच्या बोटात सुई गेली तेव्हा याला मराठी पुस्तक हवं असं वाटलं. त्याने मधलं पान पाठवलं आणि वर लिहिलं, तुम्हीही याचं मराठी करून दाखवा, आवडलं तर पुढचं देतो.

"त्याने पण ढिगात हात घातला," सून म्हणाली.

ते पान तिने दिवसभर घोळवलं. मला वाचून दाखवलं. मला मशीनचं काही कळलं नाही, आणि तिला तरी कळलं की नाही तेही मला कळेना. काही भागांची नावं गुजरातीत होती, त्यांना मराठी काय म्हणतात ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिने माझ्या मुलाला दुपारच्या सुट्टीत फोन लावला. आजवर त्या फोनवर पैसे आणि आखाजी याशिवाय दुसरं बोलणं मी ऐकलं नव्हतं.

"त्या खालच्या डबीला तुम्ही लोक काय म्हणता? जिच्यात दोरा भरतात?"

"कसाले?"

"सांगा ना."

त्याने एक नाव सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, नही रे, ती येगळी! मग तिकडे तीन-चार जणांत भांडण लागलं. कुणी म्हणे असं, कुणी म्हणे तसं, एक तर मध्येच फोन घेऊन म्हणाला, "वहिनी, यासनं ऐकू नका, मी सांगस ते लिखा." सून हसत होती आणि लिहीत होती. शेवटी त्यातलं कुठलं ठेवायचं ते तिनेच ठरवलं. सगळ्यांना पटलं नाही. मुलगा म्हणाला, "तुले काय मशीननं कळस?" ती म्हणाली, "मशीनचं नाही कळत. वाचणाऱ्याचं कळतं."

पान पसंत पडलं. पुढचं आलं, मग सगळं पुस्तक. मग त्याच माणसाच्या ओळखीतल्या दुसऱ्याचं, पाण्याच्या मोटारीचं. रोजच्या रोज दुपारी तिच्या फोनवरून सुरतच्या कारखान्यात प्रश्न जायचे, आणि कधी कधी तिने न विचारताच मुलाचा उलट फोन यायचा, की काल सांगितलं ते चूक, आज मी मिस्त्रीला विचारून आलो.

आखाजीला मुलगा आला. गावातल्या झाडांना झोके बांधलेले, घरोघरी लेकी माहेरी आलेल्या. माझी सून माहेरी गेली नव्हती, तिला मोटारीची पानं द्यायची होती. मुलाने दारातच दोन मोठ्या रिकाम्या बॅगा खाली ठेवल्या. बॅगा रिकाम्या का, हे आमच्या तिघांनाही माहीत होतं.

त्याने नातीला उचललं, तर ती रडून माझ्या पदरात शिरली. मुलाचा चेहरा उतरला. ते मी पाहिलं आणि ते मी इथे लिहिते, कारण या सगळ्यात त्याचंही काही कमी पणाला लागलं नव्हतं. त्याची पोर त्याला ओळखत नव्हती.

पुरणपोळी आणि आंब्याचा रस झाल्यावर तो ओट्यावर बसला. सुनेने लॅपटॉप आणून त्याला पुस्तक दाखवलं. त्याने सगळी पानं नीट पाहिली. एका चित्रावर बोट ठेवून म्हणाला, हे मी सांगेल शे. मग जरा वेळाने म्हणाला, "काम भेटनं ते चांगलं व्हयनं. पन हाई काम त सुरतमा बी व्हई. उलट तठे नेट चांगलं शे."

मी सुनेकडे पाहिलं. इतके दिवस आम्ही काम शोधत होतो, आणि नेमकं असं काम सापडलं की जे कुठेही बसून करता येतं. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तिच्या आलं होतं असं तिच्या तोंडावरून दिसलं.

"व्हई," ती म्हणाली. "पन मी आठेच करसू."

"काब्र?"

"तठे खिडकी नही."

"खिडकी!" तो माझ्याकडे वळला. "माय, तू सांग हिले. खिडकीकरता कोनी घर मोडस का?"

"माले काय इचारस? मी तठे ऱ्हायेल नही. ती ऱ्हायेल शे, तिले इचार."

"तुम्ही सांगेल व्हतं, काम भेटनं त ऱ्हाय," सून म्हणाली. आवाज चढवला नाही. "काम भेटनं."

तो उठून अंगणात गेला. झोक्याजवळ उभा राहिला, पोरींची गाणी चालली होती. मला वाटलं आता भांडण होणार. पण तो परत आला आणि म्हणाला, "खिडकीवाली खोली देखू?"

आमच्याकडे सून नवऱ्याला अशा वेळी जे बोलते ते ती बोलली नाही. तुम्ही म्हणाल तसं, असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "बघा. पण हो मी आत्ता म्हणत नाही. आधी व्हिडिओ पाठवा. खिडकी उघडून. दुपारचा."

तो हसला, पण मनापासून नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, "हाई तू शिकाडेल शे."

मी म्हटलं, "मी मिरचीचं शिकवलं. खिडकीचं तिचं."

तो गेला तेव्हा बॅगा रिकाम्या जाऊ देणं बरं दिसेना. एकीत आम्ही कुरडया, पापड आणि वाळलेली मिरची भरली, दुसरीत त्याच्या सोबतच्या पोरांसाठी थोडं थोडं. ती नावावरून भांडणारी पोरं, त्यांचाही त्या पुस्तकात हात होता. नात तोपर्यंत त्याच्या खांद्यावर बसायला लागली होती. एसटी आली तेव्हा ती रडली, या वेळी त्याने खाली ठेवलं म्हणून.

आता त्याचे व्हिडिओ येतात. पहिला आला त्यात त्याने खिडकी उघडली, तर हातभर अंतरावर भिंत. सुनेने काही लिहिलं नाही, नुसता तोच व्हिडिओ त्याला परत पाठवला. दुसऱ्यात खिडकी मोठी होती, पण खाली नाला. वास व्हिडिओत येत नाही, म्हणून मी फोनवर विचारलं, शेजाऱ्यांच्या खिडक्या उघड्या असतात की बंद? तो म्हणाला, बंद. मग त्याने आपणच ती सोडली.

गेल्या आठवड्यात आलेल्या व्हिडिओत फरशीवर ऊन पडलेलं होतं. तुकडाभरच, पण ऊन. बाहेर कुठलंसं झाड हलत होतं. सुनेने ते दोनदा पाहिलं. मला दाखवलं, नातीला दाखवलं. मग त्याला लिहिलं, हे सकाळचं आहे, दुपारचं पाठवा.

दुपारचं अजून आलेलं नाही. ऊन राहिलं असेल तर ती जाईल, असं मला तिच्या वागण्यावरून दिसतं. लॅपटॉप जाईल, नात जाईल. मी माझं करून घेईन, त्यात काही अडणार नाही. फक्त लोकांना काय काय हवंय ते मला मग कोण वाचून दाखवणार, याचा मला अजून पत्ता लागलेला नाही. काल तिला तेच विचारलं, तर ती म्हणाली, "फोनवर वाचेन की, आत्या." मी म्हटलं, एक दिवस वाचून बघ आधी. मग सांगते चालेल की नाही.